पडद्यावरचा चौकोन कोणाचा?

अणदूरच्या माणसाला एका देवाची दोन घरे ही गोष्ट नवलाची नाही. खंडोबाची मूर्ती वर्षातील सव्वादहा महिने अणदुरात असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. मूर्ती एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावयाची, तेव्हा दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देव केव्हा निघावयाचा आणि केव्हा परतावयाचा हे कागदावर येते, आणि मग पालखी हलते. श्रद्धेच्या बाबतीतही आपल्या पूर्वजांनी कागद आणि तारीख सोडली नाही, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे. एका वस्तूवर दोघांचा हक्क असला की भांडण तरी होते किंवा करार तरी होतो.

आज ज्या वस्तूविषयी लिहावयाचे आहे ती याहून पुष्कळच क्षुद्र आहे. संगणकाच्या पडद्यावरील एक चौकोन, एवढाच तिचा विस्तार. पण तिच्यावरही दोन धन्यांचा हक्क असतो, तेथेही करार लागतो, आणि तो करार नीट पाळला गेला नाही तर काय घडते हे सामान्य नागरिकानेही समजून घ्यावे असे आम्हांस वाटते. कारण त्या चौकोनात पाहून आज कोणी पुलाची तुळई ठरवितो, कोणी छपराचा सांधा ठरवितो, कोणी रोग्याच्या मेंदूतील गाठ शोधतो.

तलाठी कार्यालयात, बँकेत किंवा छायाचित्रकाराच्या दुकानात आपण संगणकाची खिडकी पाहतो. तिच्यात कळा असतात, नाव लिहिण्याच्या चौकटी असतात, वरून खाली उघडणाऱ्या याद्या असतात. ही सर्व मंडळी एका घराण्यातील. त्यांचे रंग, अक्षरे, कडा, दाबल्यावर किंचित दबल्यासारखे दिसणे, हे सारे एकच कारखाना पुरवितो. अशा कारखान्यांपैकी ‘क्यूट’ नावाचा एक पुष्कळ वापरात आहे. तो नॉर्वेत जन्मला आणि १९९५ साली लोकांपुढे आला. या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक कळीला, चौकटीला, यादीला विजेट म्हणतात. खिडकी बांधणारा कारागीर विजेटे रचतो, जसा सुतार तयार झडपा आणून चौकटीत बसवितो.

पण काही खिडक्यांच्या मध्यभागी एक मोठा चौकोन असतो आणि त्यात निराळेच काही चालू असते. नकाशा सरकत असतो, यंत्राचा भाग गरगर फिरत असतो, हृदयाची सावली धडधडत असते. हा चौकोन त्या कारखान्याच्या मालाने भरलेला नसतो. त्यातील चित्र काढणारा चित्रकार बाहेरचा असतो. घर एकाचे, त्यातील एका खोलीत रंगकाम करणारा दुसराच, आणि पाहणाऱ्याला मात्र सगळे एकच दिसले पाहिजे. आमचा विषय तो हाच.

बाहेरचा चित्रकार आणावयाचा कशाला, असे कोणी विचारील. कळीवर चार अक्षरे लिहिणे आणि कडेला रेघ ओढणे हे काम घरच्या कारागिराला चांगले जमते. पण एक गोल बोल्ट, त्याची छाया, त्याच्यामागे अर्धवट झाकलेली प्लेट, आणि हे सारे माउस हलवताच सेकंदाला तीसचाळीस वेळा नव्या बाजूने काढणे, हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी संगणकात जीपीयू नावाचे वेगळे यंत्र असते. त्याला एकच गोष्ट उत्तम येते. लक्षावधी लहान लहान त्रिकोण घेऊन ते कोठून कसे दिसतील हे ठरवावयाचे आणि रंग भरावयाचा. त्या यंत्राशी बोलण्याची एक ठरलेली भाषा आहे, ओपनजीएल. ती १९९२ साली अमेरिकेतील सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने काढली. बाहेरचा चित्रकार ही भाषा जाणतो. घरच्या कारागिराला तिची फारशी गरज पडत नाही.

उदाहरण आपल्या महाराष्ट्रातीलच घेऊ. पवईच्या आयआयटी मुंबईत ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प चालतो. शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअर तयार करणे व पसरविणे हा त्याचा हेतू, आणि त्याला केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याचे साहाय्य आहे. याच प्रकल्पात स्थापत्य विभागातील प्रा. सिद्धार्थ घोष यांच्या मार्गदर्शनाखाली ‘ऑसडॅग’ हे सॉफ्टवेअर उभे राहिले. पोलादी बांधकामातील सांधे आणि भाग भारतीय मानक ८००, सन २००७, या नियमाप्रमाणे ठरवून देणे हे त्याचे काम. ते फुकट मिळते, आणि त्याचा सगळा मजकूर, म्हणजे आतील सूचनांची पोथी, कोणालाही उघडून वाचता येते. परदेशी सॉफ्टवेअरच्या किमती पाहिल्या तर जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या अभियंत्याला हे केवढे साहाय्य आहे ते निराळे सांगावयास नको.

ऑसडॅगची खिडकी उघडली की डावीकडे माहिती भरण्याची पट्टी असते. तुळई कोणती, खांब कोणता, भार किती, बोल्ट कोणत्या जाडीचा, हे तेथे सांगावयाचे. उजवीकडे उत्तराची पट्टी. खाली सूचनांची जागा, जेथे एखादी अट मोडली तर सॉफ्टवेअर स्पष्ट शब्दांत तक्रार करते. आणि या सर्वांच्या मधोमध तो चौकोन. त्यात खांबाला जोडलेली तुळई, प्लेट, वेल्डिंग आणि एकेक बोल्ट घनाकार दिसतो, हाताने फिरवावा तसा माउसने फिरविता येतो. पट्ट्या आणि कळा क्यूटच्या. मधला चौकोन ओपन कॅस्केड नावाच्या दुसऱ्या चित्रकाराचा. हा मूळचा फ्रान्सचा, आणि १९९९ साली त्याची पोथी सर्वांसाठी खुली झाली. दोघांमध्ये दुभाषा म्हणून पायथन ही भाषा आणि ‘पायथनओसीसी’ नावाचा जोडदुवा आहे.

ज्याला पोलादी कामाची सवय नाही त्याने विचारावे की, सांध्याचे चित्र पाहून एवढे काय मिळते? यासाठी आपल्याच भागाकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे झोपेत गाडली गेली. मृतांचा आकडा आठ हजारांच्या आसपास ते दहा हजारांपर्यंत सांगितला जातो. त्या माळवदी घरांच्या भिंती जाड होत्या, दगड तर चांगलाच टणक होता. उणीव होती ती जोडणीची. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, कोपरे एकमेकांत गुंतलेले नव्हते, आणि चिखलाची पकड धक्क्यापुढे टिकली नाही. आतला लाकडी खण पुष्कळ ठिकाणी उभाच राहिला. पडली ती सभोवतीची भिंत. वस्तू बळकट असूनही बांधणी कच्ची असू शकते, हे या भागातील माणसाला कोणी पुस्तकातून शिकवावयाचे नाही.

पोलादाचीही तीच कथा. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहरात हयात रीजन्सी हॉटेलच्या दिवाणखान्यावरून टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसे मेली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेल्या अखंड लोखंडी कांबी वरच्या पुलातून आरपार जाऊन खालचा पूलही धरणार होत्या. करावयास सोपे जावे म्हणून पुढे एका कांबीच्या दोन कांबी झाल्या. खालचा पूल आता वरच्या पुलाला लोंबकळू लागला, आणि वरच्या पुलाच्या नटावर दोन्ही पुलांचा भार आला. कागदावरील रेघेत फरक अगदी थोडा दिसतो. हिशेब मात्र दुप्पट होतो. तो हिशेब पुन्हा कोणी केलाच नाही. (मूळ आराखडाही नियमाला उतरणारा नव्हता, ही आणखी एक दुःखद गोष्ट.) चित्र एका वाटेने गेले आणि आकडे दुसऱ्या वाटेने, असे जेथे जेथे होते तेथे माणसाचा जीव टांगणीला लागतो.

म्हणून ऑसडॅगसारख्या साधनात चौकोनातील चित्र आणि पट्टीतील आकडा हे एकाच हिशेबातून आले पाहिजेत. एक लहान गणित करून पाहू. २० मिलिमीटरचा बोल्ट घेतला तर मानकाप्रमाणे त्याचे भोक २२ मिलिमीटरचे. दोन बोल्टांच्या मध्यांतील अंतर बोल्टच्या जाडीच्या अडीचपटीहून कमी चालत नाही, म्हणजे ५० मिलिमीटर. प्लेटची कड कारखान्यात यंत्राने नीट कापलेली असेल तर टोकाच्या भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत भोकाच्या दीडपट, म्हणजे ३३ मिलिमीटर, जागा हवी. तर एका उभ्या रांगेत तीन बोल्ट बसवावयाचे असतील तर प्लेटची उंची निदान ३३, ५०, ५० आणि ३३ मिळून १६६ मिलिमीटर झाली पाहिजे. साध्या ४.६ प्रतीचा असा एक बोल्ट, आटे असलेल्या भागातून कापला जाईल असे धरून, सुमारे ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांहून थोडा अधिक भार सोसतो असे नियमाने धरता येते. तिघांचे मिळून १३५ च्या आसपास. हे आकडे पट्टीत उमटले आणि चौकोनात मात्र चार बोल्ट दिसले, किंवा प्लेट तुळईच्या बाहेर डोकावली, तर अनुभवी डोळा एका क्षणात ठेचकाळतो. आकड्यांच्या रांगेत जी चूक तासभर सापडत नाही, ती चित्रात आपण होऊन अंगावर येते. चित्राचा खरा उपयोग एवढाच, आणि तो थोडाथोडका नाही.

आता कराराकडे वळू.

पहिले कलम जागेचे. ओपन कॅस्केडला चित्र काढावयाचे तर कोठे, हे नेमके सांगावे लागते. संगणकाची यंत्रणा प्रत्येक स्वतंत्र खिडकीला एक क्रमांक देते, जसा नगरपालिका घराला देते. पण क्यूटच्या कळांना आणि चौकटींना स्वतःचा असा क्रमांक सहसा नसतो. त्या मोठ्या खिडकीच्या पोटात कुटुंबातील मुलांसारख्या राहतात, आणि बाहेरच्या जगाच्या दप्तरात फक्त घरधन्याचे नाव असते. एखाद्या विजेटाकडे त्याचा क्रमांक मागितला, की क्यूट मुकाट्याने त्याला खरीखुरी स्वतंत्र खिडकी करून देतो आणि मग तिचा क्रमांक सांगतो. विचारणा केली म्हणून वस्तू अस्तित्वात आली, असा हा प्रकार आहे. सरकारी दप्तरात याच्या उलट अनुभव येतो, पण तो विषय निराळा. हा क्रमांक चित्रकाराच्या हाती दिला, की जागा त्याच्या ताब्यात गेली.

दुसरे कलम असे की, ताबा दिल्यावर घरधन्याने तेथे कुंचला लावू नये. क्यूटची सवय अशी की, कोणतेही विजेट काढण्यापूर्वी त्याची पार्श्वभूमी एका फिकट रंगाने पुसून घ्यावयाची. मधल्या चौकोनातही त्याने तसेच केले तर काय होईल? प्रथम करडा रंग, मग त्यावर सांध्याचे चित्र, पुन्हा करडा रंग, पुन्हा चित्र. पाहणाऱ्याचे डोळे लुकलुकाटाने दुखू लागतात. म्हणून पायथनओसीसीच्या विजेटात क्यूटला बजावून ठेवलेले असते की, येथे पार्श्वभूमी पुसू नकोस, आणि तुझी लेखणी कोणती असे तुला कोणी विचारले तर ‘या खोलीत मला लेखणीच नाही’ असे उत्तर दे. असे नकारार्थी उत्तर करारात लिहून ठेवण्याची पद्धत आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

तिसरे कलम वेळेचे, आणि नवखे कारागीर बहुधा येथेच अडखळतात. खिडकीचे काम चिठ्ठ्यांवर चालते. पेढीवर एक मुनीम बसला आहे आणि त्याच्यासमोर चिठ्ठ्यांची रांग लागली आहे, असे समजा. एका चिठ्ठीवर लिहिलेले असते ‘कळ दाबली’, दुसरीवर ‘खिडकी मोठी झाली’, तिसरीवर ‘वरची खिडकी बाजूस गेली, झाकलेला भाग पुन्हा रंगवा’. मुनीम एकेक चिठ्ठी उचलतो, ज्याची त्याला देतो, तो काम करून परत येईपर्यंत थांबतो, आणि मग पुढची उचलतो. आपल्या मनाला येईल तेव्हा कोणी रंगवावयाचे नाही. रंगवण्याची चिठ्ठी आली की रंगवावयाचे. बाहेरच्या चित्रकाराला ही शिस्त शिकवावी लागते. पहिली चिठ्ठी येण्यापूर्वी, म्हणजे खोली बांधून पुरी होण्यापूर्वी, त्याला आत बोलावले तर त्याला भिंत सापडत नाही आणि सगळे सॉफ्टवेअर कोलमडते. म्हणून चांगले विजेट पहिल्या रंगकामाच्या चिठ्ठीपर्यंत थांबते आणि मगच चित्रकाराला कामावर घेते.

उलट, चित्रकाराने एका चिठ्ठीवर फार वेळ घालविला तरी पंचाईत होते. शंभर बोल्टांचा सांधा जुळवावयास त्याला दहा सेकंद लागले, तर ते दहा सेकंद मुनीम हात जोडून उभा. मागे चिठ्ठ्यांचा ढीग साचतो, कळा दाबल्या तरी हलत नाहीत, आणि यंत्रणा पडद्यावर जाहीर करते की हे सॉफ्टवेअर उत्तर देत नाही. बिचारे उत्तर शोधीतच असते. यावर उपाय म्हणजे जड हिशेब मागच्या दाराने दुसऱ्या माणसाकडे द्यावा आणि तयार आकार तेवढा पुढच्या दाराने आणावा. रंगकामाची चिठ्ठी मात्र पेढीवरच पुरी करावी.

चौथे कलम मापाचे. वापरणाऱ्याने खिडकी ओढून रुंद केली, तर चौकोनही रुंद होतो. ही वार्ता चित्रकाराला वेळेवर कळविली नाही, तर तो जुन्या मापाचेच चित्र काढतो आणि ते नव्या चौकोनात ताणले जाते. चेहऱ्याचे छायाचित्र ताणले तर आपण हसतो. सांध्याचे चित्र ताणले की गोल भोक लांबट दिसते. पोलादी कामात लांबट भोक ही खरोखरीची एक निराळी वस्तू आहे. जुळवणीला थोडी सूट मिळावी म्हणून ती मुद्दाम पाडतात, आणि मानकात अशा भोकाशी बोल्ट किती दाब देऊ शकेल ते कमी करून धरावयास सांगितले आहे. आखूड लांबट भोकाला ०.७ ने गुणावयाचे, फार लांबट असेल तर ०.५ ने. तेव्हा खिडकीच्या मापाची एक चिठ्ठी हरवली, तर पाहणाऱ्याला निराळ्या ताकदीचा सांधा दिसतो. पट्टीतील आकडा बरोबरच असतो, पण डोळ्याने आकड्यावर कुरघोडी केलेली असते.

मापाचाच आणखी एक घोटाळा अलीकडच्या पडद्यांनी आणला आहे. पूर्वी पडद्यावरील एक ठिपका म्हणजे एक ठिपका असे. आता पडदे इतके बारीक ठिपक्यांचे झाले आहेत की, अक्षरे वाचता यावीत म्हणून यंत्रणा पुष्कळदा आडवे दोन आणि उभे दोन अशा चार ठिपक्यांना मिळून एक समजते. क्यूट या मोठ्या ठिपक्यांत मोजतो, चित्रकार खऱ्या ठिपक्यांत. दोघांत गुणकाची बोली झाली नाही, तर चित्र चौकोनाच्या एका कोपऱ्यात चतकोर जागेत आकसून बसते. शिवाय क्यूट वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली मोजतो आणि ओपनजीएल खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर. एकाचा मण आणि दुसऱ्याचा क्विंटल असा हा व्यवहार आहे. वजन तेच, पण पावती निराळी.

पाचवे कलम हाताचे. चित्र नुसते पाहावयाचे नसते, ते फिरवावयाचे असते. माउस चौकोनावर आला, कळ दाबून डावीकडे ओढला, की तशी चिठ्ठी क्यूटकडे येते, कारण दाराशी तोच बसलेला आहे. त्याने ती तशीच चित्रकाराच्या भाषेत आत पोचवावयाची. एक कळ दाबून ओढले तर फिरवा, दुसरी दाबून ओढले तर सरकवा, चाक फिरवले तर जवळ आणा. नुसता माउस बोल्टवर नेला तरी तो बोल्ट उजळून दिसावा, अशी इच्छा असेल तर कळ दाबलेली नसतानाही हालचालीच्या चिठ्ठ्या पाठवाव्या लागतात. क्यूट त्या आपण होऊन पाठवीत नाही, मागून घ्याव्या लागतात. वर सांगितलेला मापाचा गुणक येथे विसरला तर एका बोल्टवर बोट ठेवावे आणि भलताच बोल्ट उजळावा, असा प्रकार होतो.

ही पाच कलमे सांभाळली की चौकोन शांतपणे चालतो. तरी या पद्धतीत एक उणीव राहतेच. क्रमांक देऊन स्वतंत्र केलेली खिडकी क्यूटच्या इतर कुटुंबात पुन्हा पुरती मिसळत नाही. चित्रावर अर्धपारदर्शक सूचना तरंगत ठेवावी, एखादी कळ चित्राच्या कोपऱ्यावर बसवावी, असे मनात आणले तर ती कळ बहुधा चित्राखाली गडप होते. ताबा दिला तो दिला. त्यात भर म्हणून लिनक्सच्या जगात जुनी एक्स-इलेव्हन पडदा-व्यवस्था मागे पडून वेलँड ही नवी व्यवस्था पुढे आली आहे, आणि तिला एका खिडकीचा क्रमांक असा परक्याच्या हाती देण्याची जुनी रीत मान्य नाही. जुन्या रीतीने बांधलेले विजेट तेथे चालवावयाचे तर जुन्या व्यवस्थेचे सोंग आणणारा मध्यस्थ घालावा लागतो. काम भागते, पण ते भाड्याच्या घरात राहण्यासारखे आहे.

म्हणून दुसरी रीत निघाली. हिच्यात खोलीचा ताबा द्यावयाचाच नाही. चित्रकाराने आपल्या ठिकाणी, पडद्याआड, जीपीयूच्या स्मरणातील एका कोऱ्या फलकावर चित्र पुरे करावयाचे आणि तो फलक घरधन्याच्या स्वाधीन करावयाचा. घरधनी बाकीच्या कळांबरोबर तो फलक आपल्या हाताने भिंतीवर टांगतो; मग त्याच्यावर सूचना चिकटवा, कळ बसवा, फिकट करा, सर्व चालते. क्यूटने २०१४ साली आणि जीटीके या दुसऱ्या कारखान्याने २०१५ साली अशा फलकांची तयार विजेटे दिली. यात फलक एकदा काढणे आणि एकदा टांगणे असे दुहेरी काम होते खरे, पण आजच्या यंत्रांना त्याचे ओझे वाटत नाही. नव्याने काही बांधावयाचे असेल तर आमचे मत या दुसऱ्या रीतीकडे झुकते. ओपन कॅस्केडसारखा जुना, स्वतःची खोली मागणारा चित्रकार हाताशी असेल, आणि त्याचे भूमितीचे ज्ञान हवेच असेल, तर मात्र पहिली रीत सोडून देण्याची घाई करू नये. त्याच्याजवळ बोल्ट हा खराखुरा दंडगोल म्हणून नोंदलेला असतो, त्रिकोण फक्त दाखविण्यापुरते. नुसत्या त्रिकोणांच्या चित्रकाराला ही विद्या नाही.

नळदुर्गचा पाणीमहाल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवरील बांधाच्या पोटात हा महाल बांधला. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे बांधावरून कोसळतात, आणि आत बसलेला माणूस खिडकीतून पाण्याचा पडदा पाहतो, पण त्याच्या अंगावर थेंब येत नाही. आमच्या चौकोनाचे नातेही असेच असावे. चित्राने हिशेब पाहावा, हिशेबाला स्पर्श करू नये. बोल्ट माउसने ओढून सरकवला आणि चित्रात तो सरकला, पण हिशेबात तेथेच राहिला, अशी सोय कोणी हौसेने केली, तर हयात हॉटेलच्या दोन कांबींकडे जाणारी ती पहिली पायरी समजावी. बदल करावयाचा तो डावीकडच्या पट्टीत, आकड्यात. तेथून हिशेब नवा होतो, आणि हिशेबातून चित्र नवे होते.

येथेच शिळ्या चित्राची भीती आहे. वापरणाऱ्याने पट्टीत बोल्ट २० ऐवजी १६ मिलिमीटरचा केला, पण हिशेबाची कळ अजून दाबलेली नाही. चौकोनात जुनाच सांधा दिमाखाने उभा आहे. तेवढ्यात दूरध्वनी वाजला, माणूस उठून गेला, आणि दुसऱ्याने येऊन पडदा पाहिला. त्याला वाटते १६ च्या बोल्टने काम भागले. यावर उपाय सोपा आहे आणि प्रत्येक विजेटकर्त्याने तो करावा: पट्टीतील एक अक्षर जरी बदलले तरी चौकोन त्या क्षणी कोरा करावा. कोरा चौकोन पाहून माणूस विचारतो. भरलेला पाहून विचारीत नाही.

महाविद्यालयातील मुलांना हा प्रयोग स्वतः करून पाहता येईल. ऑसडॅगची पोथी खुली आहे, पायथनही खुला आहे, आणि साधासा संगणक पुरे. एक खिडकी बांधावी, मधे चौकोन ठेवावा, त्यात एकच प्लेट आणि तीन भोके दाखवावीत. मग त्या चौकोनाची कसून परीक्षा घ्यावी. खिडकी ओढून पट्टीसारखी अरुंद करावी आणि भोके गोलच राहतात का ते पाहावे. वरून यादी उघडून ती चित्रावर दिसते की चित्राखाली जाते ते पाहावे. दुसरा, बारीक ठिपक्यांचा पडदा मिळाला तर खिडकी त्यावर सरकवावी आणि मधल्या भोकावर माउस नेऊन मधलेच भोक उजळते का ते पाहावे. खिडकी लपवावी, पुन्हा उघडावी. आणि सर्वांत शेवटी ती बंद करावी. पुष्कळ विजेटे दिवसभर नीट चालून बंद करतानाच कोसळतात, कारण घरधनी खोली आधी पाडतो आणि चित्रकार आत कुंचला घेऊन उभाच असतो. प्रथम चित्रकाराला निरोप द्यावा, जीपीयूच्या स्मरणातील त्याचे सामान परत घ्यावे, आणि त्यानंतरच खिडकीचा क्रमांक यंत्रणेच्या स्वाधीन करावा.